पडवीतलं नक्षीचं मशीन

मी कोपरगाव तालुक्यातून बोलतेय. मागच्या वेळी माझ्या बोलण्यात मागून घर्र आवाज येत होता, तर रेडिओवर काहींनी विचारलं की ताई, घरात पिठाची गिरणी टाकली का. गिरणी नाही. आमच्या पडवीत लाकूड कोरायचं मशीन आहे, त्याला सीएनसी म्हणतात. माझ्या धाकट्या लेकीनं ते घरी जोडलं, आणि त्याला मोठं करायला आमच्या बचत गटानं तीस हजार कर्ज दिलं. आज त्याचंच सांगते. आमचं कुठं चुकलं तेही सांगते, कारण तुमच्याही गटात उद्या कोणीतरी अशा मशीनसाठी पैसे मागेल.

आधी हे मशीन असतं काय ते बघू. शिलाई मशीनची सुई नुसती वर-खाली जाते आणि कापड आपण सरकवतो. इथं सुईच्या जागी गरगर फिरणारं कातरणं असतं, त्याला बिट म्हणतात. आमच्या पहिल्या मशीनमध्ये बिट डावी-उजवीकडे आणि वर-खाली जायचं, आणि खालचा पाट लाकडासकट पुढं-मागं सरकायचा. अशा तीन दिशा झाल्या. प्रत्येक दिशेला एक मोटर आणि एक आट्यांचा लांब दांडा, म्हणजे स्क्रू. मोटर फिरली की स्क्रू फिरतो, स्क्रू फिरला की पाट सरकतो. सरकवणारा हात तेवढा आपला नसतो, कॉम्प्युटरचा असतो.

कॉम्प्युटर हुकूम देतो ते साध्या ओळींत. जी० म्हणजे लाकडाला न लागता झपकन जा. जी१ म्हणजे सरळ रेषेत कापत जा. जी२ आणि जी३ म्हणजे गोलाईत जा. एम३ म्हणजे बिट फिरव, एम५ म्हणजे थांबव. एका नावाच्या पाटीला अशा हजारो ओळी लागतात, पण त्या आपण लिहीत नाही. चित्र दिलं की सॉफ्टवेअर लिहून देतं.

यात जादू काही नाही. आपल्या शेजारी येवल्यात काही मागांवर जकार्ड बसवलेला तुम्ही पाहिला असेल. भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक येतात, आणि भोक आहे की नाही त्यावरून कुठला धागा उचलायचा ते ठरतं. फ्रान्समध्ये जकार नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास तो माग केला. पुढं १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत धातू कापायचं मशीन असंच भोकांच्या पट्टीवर चालवून दाखवलं. आपलं सीएनसी त्याच घराण्यातलं. पट्टी गेली आणि तिच्या जागी लॅपटॉप आला.

आणि हे शहरातच चालतं असंही नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना हातानं काम करत शिकवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्याच एमआयटीच्या मदतीनं २००२ साली पाबळला फॅब लॅब निघाली. एमआयटीच्या बाहेर अशा लॅब निघाल्या त्यातल्या अगदी पहिल्यांपैकी ही एक. फॅब लॅबमध्ये टेबलावर मावेल एवढं कोरायचं मशीन असतं. त्यावर पोरं तांब्याचा पत्रा चढवलेल्या पाटीवर विजेचे रस्ते कोरून सर्किट करतात. माझी लेक आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती, तेव्हा तिच्या डोक्यात हे मशीन बसलं. म्हणाली, आई, एवढं मशीन आपण घरी जोडू.

जोडायचं सामान सुटं मिळतं. आमचं पहिलं मशीन ३० बाय १८ सेंटिमीटर पाटाचं, म्हणजे दोन तळहात मावतील एवढं. सगळा संच वीस हजारांच्या आत आला, त्यातले निम्मे तिनं शिकवण्या घेऊन जमवलेले. मशीनचा मेंदू म्हणजे आर्डुइनो नावाची छोटी पाटी. तिच्यात जीआरबीएल नावाचा प्रोग्राम घालतात, तो फुकट आहे. जोडायला तिला चार दिवस लागले. काटकोनात बसवायला मात्र आठवडा गेला. शेवटी तिच्या वडिलांनी गवंड्याची युक्ती सांगितली. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार मोजायचं, तिरकस अंतर पाच आलं तर काटकोन बरोबर. पाया आखायला जे चालतं तेच इथंही चाललं.

आता थोडं गणित, कारण पुढं आमची फजिती यातच झाली. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. पाटीवरचा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, म्हणजे फेऱ्याला ३२०० झाले. आमचा स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकायचा. ३२०० भागिले ४ म्हणजे ८००. म्हणून कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं, एक मिलिमीटर हवा तर ८०० पावलं टाक.

त्या छोट्या मशीनवर आम्ही दाराच्या पाट्या केल्या, रांगोळीचे छाप केले, मोदकाचे साचे केले. मग अडलं. सागाच्या फळीत बिट शिरलं की मशीन थरथरायचं आणि कडा कुरतडल्यासारख्या यायच्या. गोल कापला की चार ठिकाणी चपटा. शिर्डी इथून जवळ, तिथल्या एका पेढेवाल्यानं दुकानाच्या नावाचे साचे मागितले होते. गोलच नीट येईना तर देणार काय?

लेकीनं गटाकडे अर्ज केला. पहिल्या मीटिंगला बायकांनी नाही म्हटलं, आणि मी सचिव असून मला ते पटलं. दहा बायकांचे महिन्याला शंभर-शंभर साचलेले. त्यातून शेळी घेतली तर दिसते, पिठाची गिरणी घेतली तर लोक दळण घेऊन येतात. हे मशीन बंद पडलं तर भंगारात काय येणार? अध्यक्ष म्हणाल्या, आधी दुखणं कुठं आहे ते कागदावर लिहून आण, मग औषधाचे पैसे मागायला ये.

खरं सांगायचं तर तोवर एक चूक झालेली होती. बिट फिरवणारी मोटर, म्हणजे स्पिंडल, तिला कमजोर वाटली म्हणून तिनं स्वतःच्या पैशानं ८०० वॉटचा आणून बसवला. त्याचं वजन अडीच-तीन किलो. जुना सांगाडा तेवढ्या ओझ्यानं वाकायला लागला आणि काम आधीपेक्षा वाईट झालं. सायकलला ट्रॅक्टरचं इंजिन लावल्यासारखं. मग ती गावातल्या लेथवाल्या काकांकडे गेली. कोळपेवाडी आणि सहजानंदनगर इथल्या कारखान्यांमुळे आपल्या भागात जाणते टर्नर-फिटर बरेच आहेत, पण पोरं व्हिडिओ बघतात आणि यांना विचारत नाहीत. काका घरी आले, बिटाशेजारी डायल गेज लावला आणि बोटानं दाबलं. काटा जवळजवळ अर्धा मिलिमीटर हलला. म्हणाले, बोटानं हलतंय ते सागात काय टिकणार, पोरी?

दुसरं दुखणं स्क्रूच्या ढिलाईचं निघालं. हातपंपाचा दांडा झिजला की कसं होतं? वरून खाली आणताना आधी थोडा दांडा रिकामाच हलतो, मग पाणी ओढलं जातं. तसंच स्क्रू आणि त्याच्या नटात फट असली की दिशा बदलताना मोटर थोडी रिकामी फिरते आणि पाट जागचा हलत नाही. गोल कापताना दिशा चार ठिकाणी बदलते, म्हणून गोल चार ठिकाणी चपटा.

हे सगळं कागदावर आलं तेव्हा गटानं तीस हजार मंजूर केले, पण दोन हप्त्यांत. पहिला हप्ता सांगाडा आणि स्क्रूला. गोल नीट कापून मीटिंगमध्ये दाखवायचा, मगच दुसरा. सांगाड्याला जाड ॲल्युमिनियमचे चौकोनी दांडे आणि सरकायला पोलादी रेल घेतले. साध्या स्क्रूच्या जागी बॉल स्क्रू आला. त्याच्या नटात छर्रे असतात, त्यामुळे ढिलाई जवळजवळ राहत नाही. म्हणून मशीन सुधारायचं तर आधी सांगाडा, मग स्क्रू, मग स्पिंडल हा क्रम धरा. आम्ही उलटं केलं आणि चार महिने घालवले.

फजिती आता सांगते. नवीन मशीनवर पहिलीच पाटी लावली, २०० मिलिमीटर लांबीची. बिट फळी सोडून बाहेर निघालं आणि थेट पकडीच्या लोखंडावर जाऊन तुटलं. नवीन बॉल स्क्रू एका फेऱ्यात ४ नाही, ५ मिलिमीटर सरकतो. ३२०० भागिले ५, म्हणजे आता ६४० पावलं हवी होती. आम्ही ८०० तशीच ठेवलेली, म्हणून २०० ची पाटी २५० ची व्हायला निघाली. तेव्हापासून काही बदललं की आधी हवेत चालवून बघतो. बिट लाकडाच्या वर ठेवायचं, १०० मिलिमीटर सरक म्हणायचं आणि पट्टीनं मोजायचं.

मराठी अक्षरांचं वेगळं दुखणं. कोरायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी लिहिलं तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. आम्ही इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहितो आणि अक्षरांची नुसती रेषाकृती करून पुढं देतो. मग ते चित्रच होतं, फुटायचा प्रश्न राहत नाही. आणि बिट गोल असतं हे विसरू नका. ३ मिलिमीटरच्या बिटानं आतला कोपरा टोकदार येत नाही, दीड मिलिमीटरची गोलाई राहतेच. बारीक अक्षराला टोकदार व्ही-बिट लागतं. साच्यात आणि छापात अक्षरं उलटी कोरायची असतात. मसाल्याच्या पिशवीचा पहिला छाप मी स्वतः सरळ कोरला. पिशवीवर सगळं उलटं उमटलं आणि गट अर्धा तास हसत होता.

खाण्याच्या साच्याला भुशाचा दाबलेला बोर्ड किंवा प्लायवूड वापरू नका, त्यात डिंकासारखं रसायन असतं. घट्ट, वास नसलेलं अखंड लाकूड घ्या आणि त्याला व्हार्निश लावू नका.

आता जिवाचं सांगते. स्पिंडल मिनिटाला २४,००० फेरे घेऊ शकतो. पदर खोचलेला, वेणी बांधून वर, हातात बांगड्या नाहीत, मंगळसूत्र आत. हातमोजे घालू नका. बरं वाटतं, पण मोजा बिटात अडकला तर हात ओढला जातो. चष्मा आणि मास्क हवाच, कारण बारीक भुसा छातीत बसतो. मशीन चालू ठेवून भाकरी टाकायला जाऊ नका. थांबवायचं लाल बटण हाताशी हवं, आणि ते कुठं आहे हे घरातल्या पोरांनाही माहीत हवं. स्पिंडल चालवणाऱ्या डब्यात, त्याला व्हीएफडी म्हणतात, बटण बंद केल्यावरही काही मिनिटं वीज साठलेली असते. लगेच उघडायचा नाही.

अर्थिंगकडे आम्ही आधी दुर्लक्ष केलं. स्पिंडल चालू केला की लॅपटॉपचा मशीनशी संबंध तुटायचा. लेकीनं तीनदा वायर बदलली. शेवटी वायरमननं नीट अर्थिंग केलं, स्पिंडलची वायर जाळीवाली घेतली आणि बाकीच्या वायरींपासून लांब नेली, तेव्हा थांबलं. लाईट जाते त्याचंही ध्यानात ठेवा. सरकवणाऱ्या मोटरी इन्व्हर्टरवर आणि स्पिंडल थेट लाईनवर, असं कधी करू नका. लाईट गेली की बिट फिरायचं थांबतं, पाट मात्र सरकत राहतो आणि बिट मोडतं. दोन्ही एकाच लाईनवर असू द्या. आणि तिन्ही दिशांना टोकाला स्विच लावून घ्या. मग लाईट आल्यावर मशीन त्या टोकापासून आपली जागा परत शोधतं आणि अर्धं काम वाया जात नाही.

पैशाचं विचाराल तर, पेढ्याच्या एका साच्याला मशीन पाऊण तास लागतं आणि घासायला अर्धा तास. लाकूड ऐंशी रुपयांचं, साचा साडेचारशेला जातो. महिन्याला असे वीस साचे जातीलच असं नाही. सणाच्या आधी मागणी, मग दोन महिने शांत. कीचेन आणि शोभेच्या वस्तूंत पडू नका, साच्यातून ओतलेला प्लॅस्टिकचा माल दहा रुपयांत मिळतो. जिथं गिऱ्हाईकाला स्वतःचं नाव हवं असतं तिथंच हे मशीन उभं राहतं. कर्ज हवं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. पण आधी मागणी वहीत लिहून काढा. कोण घेणार, किती घेणार, कितीला घेणार.

आमचे सात हप्ते फिटलेत, पाच राहिलेत. दोन महिने हप्ता चुकला, तेव्हा मलाच सचिव म्हणून स्वतःच्या घराचा दंड वहीत लिहावा लागला. लेक दिवसा चालवते, संध्याकाळी मी बसते. सध्या भुसा ओढायची सोय चाललीय. झाकणाची बादली आणि जुना व्हॅक्यूम जोडून बघतोय. जड भुसा बादलीत पडतो, बारीक अजून पडवीत उडतो, आणि वाळत घातलेल्या कुरडया शेजारच्या गच्चीवर न्याव्या लागतात.