मोबाईलच्या कॅमेऱ्याने व्हिटॅमिन बी-१२ मोजता येईल का?

गेल्या वर्षी माझ्या बी-१२ चा रिपोर्ट आला : १४२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. खालची मर्यादा साधारण २००. पायाला मुंग्या येत होत्या, पण 'दिवसभर खुर्चीत बसतो ना, म्हणून असेल' असं म्हणून मी सोडून दिलं होतं. आमच्या घरी सगळे शाकाहारी. इंजेक्शनं सुरू झाली आणि डोक्यात किडा वळवळला : फोनमध्ये एवढा भारी कॅमेरा आहे, तोच हे का मोजत नाही? शोधत शोधत कार्बन डॉट्सपर्यंत पोचलो.

कार्बन डॉट म्हणजे १० नॅनोमीटरपेक्षाही लहान असा कार्बनचा कण. २००४ मध्ये अमेरिकेत साऊथ कॅरोलिना विद्यापीठात कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना निघालेल्या गाळात हे चमकणारे कण सापडले, चक्क अपघाताने. आज ते बनवायची नेहमीची रेसिपी म्हणजे लिंबूसत्व (हो, तेच सायट्रिक ॲसिड) आणि एथिलीनडायअमाईन पाण्यात मिसळून बंद भांड्यात २०० अंशांच्या आसपास काही तास तापवायचं. घरी अजिबात करू नका, कुकरमध्ये तर नाहीच! त्या द्रावणावर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकला की ते निळं चमकतं.

आता बी-१२ कुठे येतं? बी-१२ मुळात लाल असतं आणि ३६० नॅनोमीटरच्या आसपासचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश जोरात शोषतं. डॉट्सनाही चमकायला साधारण तोच प्रकाश लागतो. म्हणजे डॉट्सच्या ताटातलं बी-१२ आधीच खाऊन टाकतं. चमक जितकी कमी, तितकं बी-१२ जास्त.

बी-२ चं प्रकरण मला जास्त आवडतं, कारण ते स्वतःच हिरवट पिवळं चमकतं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीचा चुरा पाण्यात टाका आणि अंधारात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च त्यावर मारा, दिसेल. (टॉर्च डोळ्यात मारू नका.) डॉट्सबरोबर ठेवलं की डॉट्स आपली ऊर्जा बी-२ कडे देतात : निळा कमी, हिरवा जास्त. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये आपल्याला लाल, हिरवा, निळा असे आकडे मिळतातच, त्यातल्या हिरव्याला निळ्याने भागायचं. टॉर्च थोडा मंद असला तरी दोन्ही आकडे बरोबरच घटतात, गुणोत्तर फारसं हलत नाही. कोड म्हणाल तर दहा ओळींचा.

मग अडतंय कुठे? रक्तात. माझ्या इंजेक्शनच्या १ मिलिलिटरमध्ये ५०० मायक्रोग्रॅम बी-१२ होतं आणि रक्तात १४२ पिकोग्रॅम. भागाकार करून बघा, जवळपास ३५ लाख पट फरक! अशा प्रयोगांत बऱ्याचदा गोळ्या आणि इंजेक्शनंच तपासलेली असतात, तिथे चमक मंदावलेली सहज कळते. रक्तात मात्र हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि इतर बऱ्याच गोष्टी प्रकाश शोषतात. डॉट्सना फक्त प्रकाश कमी झाल्याचं कळतं, तो कोणी खाल्ला हे कळत नाही. लॅबमधल्या मशीनमध्ये त्यासाठी बी-१२ लाच पकडणारं खास प्रोटीन वापरतात. स्ट्रिपवर डॉट्सबरोबर अशी पकड बसवता आली, तर गोष्ट वेगळी.

पेशींचे फोटो काढण्यात हे कण जास्त पुढे गेलेत. काही क्वांटम डॉट्समध्ये कॅडमियम असतं, ते विषारी. कार्बन डॉट्समध्ये ते नसतं, आणि नेहमीच्या रंगांसारखे ते मायक्रोस्कोपखाली पटकन फिके पडत नाहीत. अडचण एकच : अल्ट्राव्हायोलेट आणि निळा प्रकाश शरीरात खोल जात नाही, शिवाय आपल्या पेशीही थोड्या चमकतात. त्याला कारण काही अंशी आपलं बी-२ च! म्हणून लाल चमकणारे डॉट्स बनवायची धडपड चालू आहे.

तोवर 'कॅमेऱ्यावर बोट ठेवा, व्हिटॅमिन कळेल' असं सांगणारं ॲप दिसलं तर डिलीट मारा. माझी पुढची टेस्ट महिनाअखेरीस आहे, दंडात सुई टोचूनच.