भांडी धुण्याचे पाणीही निवडून घ्या

घरी बिअर बनवणारी माणसे बिअरमध्ये जाणाऱ्या पाण्याचा कीस पाडतात. भांडी मात्र सरळ नळाखाली धरतात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून या छंदाला परवाना लागत नाही आणि अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने तो मोकळा झाला. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणे गुन्हा आहे; पण लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत राहून हा छंद जोपासणाऱ्या मराठी मंडळींनी नळाच्या पाण्याकडे नीट पाहायला हवे.

लंडनचे पाणी चुनखडीच्या खडकांतून येते, म्हणून जड. ग्लासगोला लॉख कॅट्रिन तलावाचे मृदू पाणी मिळते. भांडी साफ करायची सोडियम परकार्बोनेटची पूड जड पाण्यात टाकली की भांड्यावर पांढरा थर बसतो. तो सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने काढायलाच हवा, कारण अशा थराखाली जंतू तग धरतात.

भांडे स्वच्छ झाले म्हणजे निर्जंतुक झाले असे नाही. त्यासाठी अनेकजण स्टार सॅन हे आम्लधर्मी द्रावण वापरतात. त्याचा पीएच ३ किंवा त्याहून कमी असेल तरच भरवसा ठेवावा. जड पाण्यातले बायकार्बोनेट हे आम्ल खाऊन टाकते आणि द्रावण दुधाळ होते. डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात केलेले तेच द्रावण झाकून ठेवले तर कित्येक आठवडे टिकते. एवढ्या कामापुरते पाणी विकत आणण्यात मला उधळपट्टी वाटत नाही. आयोडोफोर हे आयोडीनयुक्त जंतुनाशक वापरणार असाल तर पाणी थंड हवे. गरम पाण्यात आयोडीन उडून जाते.

घरातले ब्लीच स्वस्त, पण ते नीट धुऊन निघाले नाही तर क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळते आणि बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. नळाचे पाणी पिण्याजोगे असले तरी निर्जंतुक नसते, म्हणून शेवटचे खळबळणे उकळून गार केलेल्या पाण्याने करा. सॅन फ्रान्सिस्कोत २००४ पासून पाण्यात क्लोरामाइन असते. ते उकळून सहज जात नाही, पण भांड्याच्या कडेला उरलेल्या चार थेंबांतल्या क्लोरामाइनने बिअर सहसा बिघडत नाही. त्याची काळजी बिअरच्या पाण्यात करा; तिथे कॅम्पडेनची गोळी उपयोगी पडते.

ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलेही आम्ल कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि स्टार सॅन सांगितलेल्या प्रमाणात वापरले असेल तर त्यावर पुन्हा पाणी ओतू नका. फेस राहिला तरी चालतो.