फलाटावर मोजलेलं जहाज

सोलापूरला समुद्र नाही. नसू दे! समुद्रावरचं अगडबंब जहाज आपण आपल्या फलाटावरच मोजू. 10 फेब्रुवारी 2023 ला सोलापूर–मुंबई वंदे भारत सुरू झाली तेव्हा तिला 16 डबे होते, लांबी सुमारे 384 मीटर. 'आयकॉन ऑफ द सीज' हे क्रूझ जहाज 365 मीटर, म्हणजे जेमतेम एका डब्यानं आखूड. पण गाडी एकमजली, आणि जहाजाला मजले 20! गाडीत तेव्हा 1,128 आसनं. जहाजात खच्चून भरले तर 7,600 प्रवासी, शिवाय 2,350 कर्मचारी. आठ गाड्या तुडुंब भरतात, नववीही भरत येते.

सुरुवात मात्र चिमुकली. निव्वळ हौसेच्या सफरींसाठी बांधलेलं पहिलं जहाज म्हणून जर्मनांच्या 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ'चं नाव घेतात. 1900 सालचं, 4,409 टनांचं. टायटॅनिक 46,328. मुंबईहून 2021 पासून सुटू लागलेली कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' साधारण तेवढीच. आणि आयकॉन? 2,48,663! हे टन वजनाचे नव्हेत, आतल्या जागेचे. टनांवरून जागा काढायचं सूत्र लावलं की ती भरते सुमारे 7 लाख 80 हजार घनमीटर. दहा मीटर रुंद, पंधरा मीटर खोल अशा 660 विहिरी! उजनी धरणाचे 117 टीएमसी आठवून कुणी नाक मुरडेल. मुरडू दे, उजनी काही ताशी 40 किलोमीटरनं पळत नाही.

आता आपल्या हक्काचा हिशेब, टॉवेलचा. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. माणशी रोज दोन टॉवेल धरा. सात दिवसांच्या सफरीत एकट्या प्रवाशांचे झाले 1,06,400. एकेक टॉवेल 1.4 मीटरचा धरून मुंबईहून टोकाला टोक लावत चला: दादर गेलं, लोणावळा गेलं, पुणं जवळ आलं! ते धुवायला पाणी? बहुतेक समुद्राचंच, जहाजावर गोडं केलेलं.

आणि जहाजाची किंमत? सुमारे 2 अब्ज डॉलर. जानेवारी 2024 मध्ये ते पहिल्या सफरीला निघालं तेव्हाच्या भावानं साधारण 16,600 कोटी रुपये, म्हणजे पाचशेच्या 33 कोटी 20 लाख नोटा. नोट 15 सेंटिमीटर लांब. लावा ओळीनं! पृथ्वीला विषुववृत्तावर पुरता वेढा बसतो आणि वर सुमारे पावणेदहा हजार किलोमीटर नोटा उरतात. हे झालं एका जहाजाचं. त्याचं जुळं भावंड 'स्टार ऑफ द सीज' 2025 मध्ये समुद्रात निघालंसुद्धा!