मांसोत्पादक गुरांच्या आहारात उसाचे उपपदार्थ व वैरण यांचा मेळ

उसापासून साखर निघाल्यावर कारखान्यात मळी व चोथा उरतो. शेतात वाढे व पाचट राहते. मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांना हे चारही पदार्थ देता येतात. मात्र त्यांचे गुणधर्म भिन्न असल्याने एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते.

मळीचा सुमारे निम्मा भाग शर्करा असतो. त्यातून ऊर्जा भरपूर मिळते. परंतु प्रथिने व स्फुरद अत्यल्प असून तंतू जवळजवळ नसतात. क्युबामध्ये १९६० च्या दशकात टी. आर. प्रेस्टन व सहकाऱ्यांनी सुमारे ३ टक्के युरियायुक्त मळी, मर्यादित हिरवा चारा व थोडे मत्स्यचूर्ण यांवर गोऱ्हे पोसण्याची पद्धत विकसित केली. वैरण फारच कमी पडली की जनावरांची लाळ गळे, तोल जाई व दृष्टी मंदावे. शर्करा कोटीपोटातच आंबते; त्यामुळे आहार गोड असूनही मेंदूला ग्लुकोज अपुरे पडते. अशी लक्षणे दिसताच मळी थांबवून वैरण द्यावी व पशुवैद्यकास बोलवावे.

वाढे रुचकर असतात; पण त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणून केवळ वाढ्यांवर विसंबू नये व खनिज मिश्रण अवश्य द्यावे. पाचट व चोथ्यातील लिग्निनमुळे त्यांची पचनीयता कमी राहते. त्यांचे प्रमाण मर्यादित ठेवावे.

उत्तर प्रदेशात ऊस व गव्हाचा भुसा दोन्ही मुबलक असल्याने म्हशींची नर वासरे पोसण्यासाठी त्यांची सांगड घालता येते. १०० किलो भुशावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून समप्रमाणात शिंपडावा, ढीग घट्ट दाबून हवाबंद झाकावा व तीन आठवड्यांनी उघडावा. वास उडून गेल्यावरच भुसा खाऊ घालावा.

मळी दोन ते तीन आठवड्यांत क्रमाक्रमाने वाढवावी व सर्वसाधारण आहारात ती एकूण शुष्क पदार्थाच्या १० ते १५ टक्क्यांपर्यंत ठेवावी. अशा आहारात थेट मिसळलेला युरिया शुष्क पदार्थाच्या १ टक्क्याहून अधिक नसावा. सहा महिन्यांखालील वासरांना व उपाशी जनावरांना युरियायुक्त आहार देऊ नये. मळी स्वस्त असली, तरी रवंथ घडविणारी वैरण हाच या आहाराचा पाया होय.