चाळीचा टॉवर केव्हा होतो

मुंबईच्या गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी, लालबाग या भागांत मोकळा भूखंड जवळपास उरलेला नाही. तिथे नवे बांधकाम म्हणजे जुने पाडून त्याच जागेत उभारलेले बांधकाम. शहराच्या कडेला शेतजमीन बिगरशेती करून वसाहत उठवणे निराळे आणि भरगच्च गल्लीत, शेजारच्या भिंतीला धक्का न लावता, एक इमारत काढून दुसरी बसवणे निराळे. अशा एकाच गल्लीत एका चाळीचा टॉवर होतो आणि दोन घरे सोडून असलेली, तिच्याहून जुनी इमारत वर्षानुवर्षे टेकूंवर तग धरून असते. जी जास्त मोडकळीला आली तिचा नंबर आधी लागत असेल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तो नंबर भूखंडाचा आकार, बिऱ्हाडांची संख्या, मालकीचे कागद आणि त्या गल्लीतला फ्लॅटचा भाव यांवर लागतो.

या इमारती मोडकळीला येण्याचे मूळ घरभाड्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्यात आणि टंचाईत भाडेकरूला त्याने मोठा आधार दिला. मात्र भाडे गोठले तरी चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. महिन्याकाठी मिळणाऱ्या रकमेत जिन्याची एक पायरीही बदलता येईना, तेव्हा मालकांनी दुरुस्तीचा नाद सोडला आणि उत्पन्नासाठी पागडीवर, म्हणजे खोलीचा हक्क घेताना द्यायच्या एकरकमी पैशांवर, भिस्त ठेवली. खोली हस्तांतरित होताना पागडीचा एक हिस्सा मालकाला जातो. वहिवाटीने तो साधारण तिसरा हिस्सा असतो. ३१ मार्च २००० रोजी लागू झालेल्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. शंभर रुपये भाडे असलेल्या खोलीत ती वाढ चार रुपयांची होते.

जुन्या चाळीचा सांगाडा बहुधा लाकडी असतो. सागाचे खांब, तुळया, त्यांवर फळ्या, आणि भिंती चुन्यात रचलेल्या विटांच्या. नीट सांभाळला तर असा सांगाडा शंभर वर्षे सहज टिकतो. घात होतो तो पाण्याने. सामायिक संडास आणि मोऱ्या इमारतीच्या मागच्या बाजूला असतात. तिथले पाणी भिंतीत मुरते आणि तुळईचे भिंतीत शिरलेले टोक आधी कुजते. ते टोक गिलाव्याआड असल्याने दिसत नाही, आणि दिसते तेव्हा वरच्या खोलीची जमीन एका अंगाला कललेली असते. त्यात प्रत्येक बिऱ्हाडाने पोटमाळा घातलेला, लाकडी फळ्यांवर लादी बसवलेली, पाण्याचे पिंप ठेवलेले. मूळ हिशेबात नसलेला हा सगळा भार त्याच तुळया वाहतात.

१९६९मध्ये सरकारने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. मालमत्ता कराबरोबर उपकर घ्यायचा आणि त्यातून, सरकारी निधीची भर घालून, दुरुस्ती करायची अशी ही योजना होती. ‘सेस बिल्डिंग’ हा मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द तिथून आला. सुरुवातीला अशा इमारती १९,६४२ होत्या आणि त्यांपैकी १६,५०२ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या. पुढे हे मंडळ म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात सामील झाले. दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा आहे. खर्च तिच्यापुढे जाऊ लागला की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते, नोटिसा लागतात, आणि बरेचसे रहिवासी जागचे हलत नाहीत. एकदा खोली सोडली की परत मिळेल याची खात्री कोणी देत नाही, हे त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे.

पुनर्बांधणीचे खरे इंजिन म्हणजे चटईक्षेत्र (एफएसआय), भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण. विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ३३(७) नुसार बिल्डरने जुन्या भाडेकरूंना फुकट घरे द्यायची आणि त्या मोबदल्यात जास्तीचे बांधकाम करून बाजारात विकायचे. १९९९च्या दुरुस्तीनंतर ‘अ’ वर्गाच्या इमारतींना पुनर्वसनासाठी लागेल तेवढे, अधिक त्याच्या ५० टक्के, असे चटईक्षेत्र मिळू लागले. सध्याच्या नियमावलीत किमान ३ चटईक्षेत्र आहे आणि भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर.

एक ढोबळ हिशेब मांडू. ६०० चौरस मीटरच्या भूखंडावर ६० खोल्यांची चाळ आहे. पुनर्वसनाला १८,००० चौरस फूट लागतील, विक्रीला ९,००० मिळतील. एकूण २७,००० फूट बांधायचे आणि ९,००० विकायचे. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फुटावर तीन फुटांच्या बांधकामाचा खर्च बसतो. शिवाय दोन-तीन वर्षांचे पर्यायी भाडे, व्याज आणि शुल्के आहेतच. फ्लॅटचा भाव बांधकाम खर्चाच्या अनेक पट असेल तरच हा मेळ बसतो. गिरगावात समुद्र जवळ असलेल्या गल्लीत तो बसतो. जिथे भाव तेवढा नाही, तिथे तितकीच जर्जर इमारत कोणी हातात घेत नाही. मंदी आली की गिरगावातलाही मेळ बिघडतो आणि पाडून ठेवलेल्या जागेत नुसते पत्रे उभे राहतात.

याच सूत्राचा उलटा परिणाम असा की जितकी दाटी जास्त, तितके चटईक्षेत्र जास्त. वरच्या उदाहरणात ते ४च्या पुढे जाते. आधीच गजबजलेल्या गल्लीत सर्वांत उंच इमारत उभी राहण्याची ही कायदेशीर वाट आहे; गल्लीखालचे मलवाहिनीचे नळ मात्र जुन्याच मापाचे असतात.

कागदावरचे चटईक्षेत्र जागेवर बसलेही पाहिजे. जुने भूखंड अरुंद तोंडाचे आणि आत लांब गेलेले. दोन जिने, लिफ्ट, अग्निशमनाच्या बंबाला वळायला जागा आणि मोटारींची सोय एवढे बसवल्यावर घरांसाठी उरते काय, हा पहिला प्रश्न. रस्तारुंदीची रेषा भूखंडातून जात असेल तर तो आणखी आक्रसतो. काही भूखंडांवर पुनर्बांधणी होऊच शकत नाही. तिथल्या रहिवाशांची नावे घराची वाट पाहणाऱ्यांच्या म्हाडाच्या यादीत, बृहतसूचीत, जातात आणि कुटुंबे प्रतीक्षानगर, गोरेगाव, बोरिवली अशा ठिकाणच्या संक्रमण शिबिरांत. शिबिर तात्पुरते म्हणवते, पण तिथे पिढी बदललेली कुटुंबे आहेत. पुण्याच्या कसबा पेठेत अडचण निराळी आहे. शनिवारवाडा राष्ट्रीय संरक्षित स्मारक असल्याने २०१०च्या कायद्यानुसार त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. तिथला वाडा डागडुजी करून टिकवता येतो, पाडून नवा बांधता येत नाही.

मालकीचा गुंता सहसा बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. तीन पिढ्यांपूर्वीच्या मालकाचे नाव मालमत्ता पत्रकावर तसेच असते. वारस वीस, त्यांतले काही परदेशी, काहींचा आपसांत वाटणीचा दावा. कधी मालक धर्मादाय न्यास असतो, कधी जमीन एकाची आणि इमारत दुसऱ्याची असते. मालक आणि बिल्डर राजी झाले तरी रहिवाशांची संमती लागते. ही अट पूर्वी ७० टक्के होती, २०१८पासून लागू झालेल्या नियमावलीत ती ५१ टक्क्यांवर आली. सर्वांत सावध असतात ते तळमजल्याचे दुकानदार. वरच्या बिऱ्हाडाला आहे त्याहून मोठे घर मिळणार असते. दुकानदाराला क्षेत्र तेवढेच मिळते, वर तीन-चार वर्षे गिऱ्हाईक तुटते आणि परत आल्यावर दुकानाचे तोंड रस्त्याकडे राहील की नाही याची धास्ती असते. खानावळवाला किंवा इस्त्रीवाला गल्लीपासून लांब जाऊन धंदा करू शकत नाही. त्याच्या नकाराला निव्वळ अडवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल.

ही कोंडी फोडायला कायदे झाले. १९८६मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घालून, ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादित करण्याची तरतूद झाली. मालक न्यायालयात गेले. त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये, तीन दशकांनी, निकाल दिला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाचे भौतिक साधन मानता येत नाही. दरम्यान, राष्ट्रपतींच्या संमतीने २०२२मध्ये म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आले. धोकादायक इमारतीच्या मालकाला प्रस्तावासाठी सहा महिने, तो हलला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि तरीही काही झाले नाही तर म्हाडाने संपादन करायचे. ९१-अ कलमाने रखडलेले प्रकल्प ताब्यात घेण्याचा अधिकारही म्हाडाला मिळाला. मात्र जिथे विक्रीचा मेळच बसत नाही, तिथे ताबा बदलल्याने तो बसत नाही. फरक कोणीतरी आपल्या तिजोरीतून भरावा लागतो.

एकेक इमारत सुटी उभारण्यातले तोटे दिसल्यावर समूह पुनर्विकासाचे कलम ३३(९) २००९मध्ये पुढे आले. शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर जागा एकत्र आणायची आणि ४ चटईक्षेत्र वापरायचे. भूखंड जोडल्याने रस्ते रुंद करता येतात आणि मोकळी जागा निघते. भेंडीबाजारातला सैफी बुऱ्हाणी न्यासाचा प्रकल्प हे याचे ठळक उदाहरण: साडेसोळा एकर, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे. एकाच समाजाचे दाट वास्तव्य आणि धर्मगुरूंचा शब्द यांमुळे तिथे संमती जमली. तसा न्यास पाठीशी नसलेल्या मोहल्ल्यात शे-दोनशे मालक एकत्र आणणे फार अवघड जाते. आणि जमवाजमव चालू असताना इमारती थांबत नाहीत: याच प्रकल्पाच्या हद्दीतली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली आणि ३३ माणसे गेली.

नवी इमारत उभी राहिल्यावर रस्त्याचा चेहरा बदलतो. दुकाने आणि गॅलऱ्या होत्या तिथे पार्किंगचे चार-सहा बंद मजले येतात. विक्रीचा भाग दर्शनी आणि पुनर्वसनाचा मागे, दोघांचे प्रवेश वेगळे, असा रिवाजच पडला आहे. लिफ्ट, पंप, रखवालदार, जिन्यातले दिवे यांचा मासिक खर्च जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. त्यासाठी बिल्डरने दहा वर्षांच्या देखभालीला पुरेल असा निधी ठेवायचा, असा नियम आहे. त्यानंतरचा भार रहिवाशांवर येतो. पेन्शनीत निघालेले अनेक जण तोवर वाट न पाहता घर विकतात किंवा भाड्याने देतात आणि डोंबिवली-विरारकडे मुलांजवळ राहायला जातात.