नियमाची उकल

एखाद्या योजनेचा नियम असा आहे असे धरू या: 'अर्जदार अल्पभूधारक किंवा भूमिहीन असावा, आणि तो प्राप्तिकर भरणारा नसावा.' एकाचा अर्ज फेटाळला जातो. तो विचारतो, "का हो?" 'नियमात बसत नाही' एवढ्याने त्याचे समाधान कसे व्हावे? नियमाचा कोणता भाग आड आला, ते सांगायला हवे.

असे नियम आता संगणकही तपासतो. त्यामागचे गणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली ग्रंथरूपाने सविस्तर मांडले. विधान खरे तरी असते, नाही तर खोटे. आणि 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांनी साध्या विधानांतून मोठी विधाने बांधता येतात.

बांधलेले सोडवायचे कसे? १९५८ साली अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी 'लिस्प' ही संगणकाची भाषा रचण्यास आरंभ केला. तिच्या रीतीने आपला नियम असा लिहावा, मुख्य शब्द आधी:

(आणि (किंवा अल्पभूधारक भूमिहीन) (नाही करदाता))

लिस्पमध्ये 'कार' ही आज्ञा यादीतली पहिली वस्तू काढून देते. 'कुडर' उरलेली यादी देते. वरील नियमाला 'कार' लावली की हाती येते 'आणि'. म्हणजे पुढचे सर्व भाग खरे ठरले पाहिजेत. 'कुडर' लावली की ते दोन भाग मिळतात. आता एकेक तपासा. आपला अर्जदार अल्पभूधारक आहे. पहिला भाग खरा. पण तो प्राप्तिकर भरतो. दुसरा भाग खोटा. कारण सापडले!

दुसराही एक उपयोग आहे. बहुतेक संगणकभाषांत कंस नसले, तर 'आणि'ची गाठ 'किंवा'च्या आधी बसते. मग आपला नियम असा होतो: 'अल्पभूधारक, किंवा भूमिहीन असून करदाता नसलेला.' म्हणजे कर भरणारा अल्पभूधारकही आत शिरला! अशा वेळी मुख्य शब्द काढून पाहावा. 'आणि'च्या जागी 'किंवा' निघाला, की कंस चुकले हे कळते.

गुरुजनांनी हे फळ्यावर जरूर करून पाहावे. त्याला संगणक लागत नाही. मुलांना आधी एवढेच विचारावे: सगळ्यांत बाहेरचा शब्द कोणता? तो सापडला, की आतले भाग आपोआप मोकळे होतात.