ब्रूस, लेनी

(१३ ऑक्टोबर १९२५–३ ऑगस्ट १९६६). अमेरिकन विनोदी एकपात्री कलावंत. मूळ नाव लेनर्ड ॲल्फ्रेड श्नायडर. जन्म न्यूयॉर्क राज्यातील मिनिओला येथे एका ज्यू कुटुंबात. आई सॅली मार ही स्वतः रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करीत असे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम केल्यानंतर त्याने नकलाकार म्हणून सुरुवात केली. पुढे कॅलिफोर्नियातील विवस्त्र नृत्यांच्या क्लबांत तो निवेदक होता. तेथील प्रेक्षक विनोद ऐकावयास आलेले नसत. ठरीव चुटके टाकून सुचेल ते बोलण्याची मोकळीक त्याला बहुधा त्यामुळेच मिळाली.

त्याच्या निवेदनाची घडण जॅझ संगीतासारखी होती. एखादा विषय घेऊन तो उत्स्फूर्तपणे विस्तारावयाचा, मध्येच सोडून द्यावयाचा व पुन्हा त्याकडे वळावयाचे, अशी त्याची रीत असे. यिद्दिश शब्द व वादकांची बोली यांचा त्यात सढळ वापर असे. धर्मसंस्थांचे व्यापारी रूप, वंशद्वेष व लैंगिक बाबतींतील दांभिकता हे त्याचे आवडते विषय. ४ फेब्रुवारी १९६१ रोजी हिमवादळ असतानाही न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात मध्यरात्री झालेला त्याचा कार्यक्रम विशेष गाजला.

त्याच वर्षी सॅन फ्रॅन्सिस्को येथे अश्लील शब्दोच्चाराबद्दल त्याला अटक झाली. १९६२ मध्ये तो निर्दोष सुटला. परंतु अटकांची मालिका थांबली नाही. शिकागोतील शिक्षा इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रद्द केली. १९६३ मध्ये ब्रिटनने त्याला प्रवेश नाकारला. न्यूयॉर्कमधील ‘कॅफे ओ गो गो’ येथील कार्यक्रमांबद्दल १९६४ मध्ये झालेला खटला सर्वांत महत्त्वाचा. त्यात परवाना खात्याच्या निरीक्षकाने कार्यक्रमाच्या वेळी केलेली टिपणे साक्षीत वाचून दाखविली. आपला कार्यक्रम हा मनुष्य वाईट करतो आणि तुरुंगात मात्र आपणास जावे लागणार, अशी ब्रूसची तक्रार होती. ती निव्वळ थट्टा नव्हती; संदर्भ, सूर आणि अभिनय वगळून उरलेल्या शब्दांवरच तो निवाडा होत होता. ॲलन गिन्सबर्ग, नॉर्मन मेलर, बॉब डिलन आदींनी त्याच्या बाजूने निवेदन काढले. तरीही तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी त्याला दोषी ठरविले व चार महिन्यांची शिक्षा झाली.

अपिलाच्या काळात तो जामिनावर होता. क्लबमालक त्याला बोलवीनासे झाले. कायद्याच्या ग्रंथांत गढलेला ब्रूस रंगमंचावर खटल्यांची कागदपत्रे वाचू लागला आणि त्याचा विनोद आटत गेला. १९६५ मध्ये त्याचे आत्मचरित्र पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी त्याचे दिवाळेही निघाले. मॉर्फिनच्या अतिसेवनाने हॉलिवुड येथील घरी त्याचा मृत्यू झाला.

त्याच्याबरोबर दोषी ठरलेल्या कॅफेमालकाची शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. ब्रूसवरील ठपका मात्र तसाच राहिला. २३ डिसेंबर २००३ रोजी गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी त्याला माफी दिली. न्यूयॉर्क राज्याच्या इतिहासातील हे पहिले मरणोत्तर क्षमादान होय.